हातात किती उरतं ते आधी मोजा

माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक लाकडी फळी ठोकलेली आहे. तिच्यावर ५४ किल्ल्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीला पांढरी पट्टी आणि पट्टीवर घराचा नंबर. त्यातली दोनच घरं माझी. बाकीच्यांचे मालक मुंबईत, पुण्यात, काही परदेशात. भाडेकरू शोधणं, करार, घरपट्टी, गळती, घर रिकामं झालं की रंगारी बोलावणं, हे सगळं मी नाशिकमध्ये २००७ पासून करते आहे. त्यामुळे या सदरात मी जे लिहिते ते त्या फळीसमोर उभं राहून लिहिलंय असं समजा. या महिन्याच्या पत्रांतली पाच घेतली आहेत. नावं गाळली आहेत, आकडे तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : मी सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर आहे. वय ३६, पगार हातात ६२ हजार. पाथर्डी फाट्याच्या पुढे बांधकाम चालू असलेल्या इमारतीत टू बीएचके पाहिला. किंमत ४४ लाख, पार्किंग आणि इन्फ्राचे (रस्ते, पाणी, वीज अशा सोयींचे) २ लाख वेगळे. माझ्याकडे १२ लाख आहेत, बँक ३६ लाख देते म्हणते. राहायला वडिलांचं घर आहे, हे फक्त गुंतवणुकीसाठी. १५ हजार भाडं सहज येईल आणि सिंहस्थामुळे भाव चढतील असं सेल्स ऑफिसमध्ये सांगितलं. घ्यावं का, ताई?

भाऊ, आधी तुमच्या घराची खरी किंमत काढू, कारण ४४ आणि २ मिळून ४६ लाख ही काही ती नव्हे.

बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो. आपल्यासारख्या महानगरात न मोडणाऱ्या शहरात कार्पेट (भिंतींच्या आतली वापराची जागा) ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर तो १ टक्का, त्याच्या वर ५ टक्के. ही ४५ लाखांची मर्यादा पार्किंग, इन्फ्रा वगैरे सगळं धरून मोजतात. तुमचा फ्लॅट ४४ वर थांबला असता तर जीएसटी ४४ हजार होता. वरच्या दोन लाखांनी तो २ लाख ३० हजारांवर नेला. बिल्डरशी बोलून एकूण रक्कम ४५ वर आणता आली, तर किमतीतला एक लाख आणि करातले १ लाख ८५ हजार असे जवळजवळ तीन लाख वाचतात. मात्र तो एक लाख रोखीत द्या असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. पुढे विकताना ती रक्कम तुमच्या खरेदी किमतीत धरली जात नाही आणि आज नोंदीत नसलेल्या पैशाचा परतावा कुठेच मागता येत नाही.

आता बेरीज. ४६ लाख. जीएसटी २,३०,०००. मुद्रांक शुल्क नाशिक महापालिका हद्दीत ६ टक्के, म्हणजे २,७६,०००. नोंदणी फी ३०,०००. आगाऊ मेंटेनन्स, वीजमीटर, वकील मिळून तुमच्याच कागदावर १,२०,००० लिहिलेत. कर्जाची प्रोसेसिंग फी आणि तारणाचा खर्च २४,००० धरा. घर भाड्याने जाण्याजोगं करायला पंखे, दिवे, गिझर, सेफ्टी डोअर, मच्छरजाळ्या, किचन ट्रॉल्या लागतात; मी गेल्या वर्षी अशी तीन घरं लावून दिली, १,६०,००० च्या खाली एकही गेलं नाही. सगळं मिळून ५४ लाख ४० हजार.

बँकेचे ३६ लाख वजा केले की तुमच्या खिशातून १८ लाख ४० हजार जायला हवेत. आहेत १२. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांच्या वर जात नाही, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. मग हे कमी पडणारे सहा लाख चाळीस हजार माणसं कुठून आणतात? पर्सनल लोन, बायकोचं सोनं, पतपेढी. माझ्याकडच्या ज्या मालकांवर घर तोट्यात विकायची वेळ आली, त्यांच्यातल्या बहुतेकांना या दुसऱ्या कर्जानेच बुडवलं, होम लोनने नव्हे.

आता भाडं. १५ हजार मिळेल हे मला मान्य आहे. वर्षाचे १,८०,०००. पण माझ्या वहीत सरासरी घर वर्षाला एक महिना रिकामं असतं. कधी दोन वर्षं सलग भरलेलं, मग दोन महिने कुलूप. म्हणून १,६५,०००. त्यातून मेंटेनन्स महिना १,८०० प्रमाणे २१,६००. घरपट्टी अंदाजे ८,०००. दुरुस्ती १०,०००. एजंटला भाडेकरू बदलताना एक महिन्याचं भाडं जातं, दोन वर्षांनी एकदा धरलं तर वर्षाला ७,५००. करार २,०००. उरले १ लाख १५ हजार ९००, म्हणजे महिन्याला साधारण ९,६५०.

३६ लाख, २० वर्षं, ८ टक्के दर: हप्ता ३०,११२ रुपये. दर महिन्याला साडेवीस हजार पगारातून भरायचे, आणि तेही ताबा मिळाल्यावर. बांधकाम चालू असेपर्यंत भाडं शून्य आणि व्याज सुरू. शिवाय दर बदलतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला होता. तेवढीच वाढ तुमच्या वाट्याला आली तर ३०,११२ चा हप्ता ३५,९४० च्या घरात जातो. त्या वेळी अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली आणि माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेला वर्षभराने कळलं की तिचं कर्ज आता तिच्या निवृत्तीनंतरही चालणार आहे. आता हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेने तुम्हाला विचारायला हवं. विचारलं नाही तर शाखेत जाऊन लेखी मागा.

तुम्ही कर वाचेल असंही लिहिलंय. नव्या करप्रणालीत असाल तर भाड्याच्या घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही. भाड्यापुरतं व्याज वजा होतं, भाड्यावर कर लागत नाही, तेवढाच फायदा. जुन्या प्रणालीत तोट्याची २ लाखांपर्यंत वजावट आहे, पण त्यासाठी तुमच्या बाकीच्या वजावटीही भरघोस असायला हव्यात. सीएकडून दोन्हीचा हिशेब शेजारी शेजारी मांडून घ्या.

आणि सिंहस्थ. २०१५ च्या सिंहस्थाआधी माझ्याकडच्या दोन मालकांनी चांगले भाडेकरू उठवले, कारण महिनाभरात वर्षाचं भाडं निघेल असं कोणीतरी सांगितलं. गर्दी तपोवनात आणि रामकुंडावर होती. पाथर्डीला आणि इंदिरानगरला कोणी राहायला आलं नाही. एक घर सात महिने बंद राहिलं, दुसरं नऊ. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल होतायत, त्यांचा शहराला उपयोग होईलच. पण ती कामं तुमचा हप्ता भरणार नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे: हे घर या हिशेबात घेऊ नका. तुमचे १२ लाख ही मोठी मेहनत आहे, ती एका कागदावर अडकवू नका. त्याऐवजी अंबड, सिडको, अश्विननगर या पट्ट्यात पूर्णत्वाचा दाखला (बांधकाम मंजुरीप्रमाणे पुरं झाल्याचा महापालिकेचा कागद) असलेला, वापरातला वन बीएचके बघा. दाखला मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, भाडं पुढच्या महिन्यापासून, आणि तिथे कंपनीत दुचाकीवर दहा मिनिटांत पोचणारा माणूस कायम मिळतो. माझ्या फळीवर सगळ्यात कमी दिवस टांगून राहणाऱ्या किल्ल्या त्याच भागातल्या आहेत. कर्ज एवढंच घ्या की घर सहा महिने बंद राहिलं तरी घरात भाजी कमी आणावी लागणार नाही, आणि सहा हप्त्यांएवढी एफडी आधी, बुकिंग नंतर. घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. दोघांच्या नावावर घेतलंत तर ती मिळत नाही.

तरीही नव्याच इमारतीत घ्यायचं ठरलं, तर नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नका. तसा रेरा हा घरखरेदीदारांसाठीचा कायदाच आहे, आणि कोणी 'सगळे देतात' म्हणालं तरी तो बदलत नाही.

प्रश्न : नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. ३० लाख हातात आहेत. मुलगा म्हणतो सिन्नरकडे समृद्धीच्या जवळ दोन गुंठ्यांचा प्लॉट १४ लाखांत मिळतोय, पाच वर्षांत दुप्पट. सातबाऱ्यावर आमच्यासह अकरा जणांची नावं लागतील, आत्ता नोटरी करू, खरेदीखत नंतर, असं एजंटचं म्हणणं. महिन्याला काही उत्पन्नही हवं आहे. काय करू?

काका, तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते, कारण ते वाक्य मुलाच्या बोलण्यात हरवलंय. तुम्हाला महिन्याला पैसे हवे आहेत. प्लॉट महिन्याला पैसे देत नाही, मागतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवता येतात, सध्याचा व्याजदर ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिन्याला २०,५००. त्याला गळती नाही, भाडेकरू नाही. घरांबद्दलच्या सदरात मी हे लिहिते आहे, कारण तुमच्या वयाला आणि गरजेला हेच बसतं.

आता प्लॉट. दोन गुंठे आणि अकरा नावांचा सातबारा याचा अर्थ ती जमीन कागदावर अजून शेतीची आहे आणि तुमचा तुकडा कुठला हे कुठेच लिहिलेलं नाही. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. तुमच्या नावावर कुठे शेती नसेल तर व्यवहार इथेच अडतो. असेल तरी शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकू न देणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा मध्ये येतो. त्यात वेळोवेळी सवलती येतात, पण पुढे येणाऱ्या सवलतीच्या भरवशावर निवृत्तीचे पैसे द्यायचे नसतात. आणि नोटरीने जमीन कोणाची होत नाही. शंभर रुपयांच्या वरच्या स्थावर मिळकतीची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते.

चार वर्षांपूर्वी माझ्या एका मालकांसोबत असा प्लॉट बघायला मी दिंडोरी रोडच्या पुढे गेले होते. मार्चमध्ये चार कोपऱ्यांना लाल रंग दिलेले दगड होते, फोटोही काढले. दिवाळीत पुन्हा गेलो तर तिथे सोयाबीन काढलेलं शेत. दगड बांधावर एका ढिगात पडले होते, रंग अजून ओला वाटावा असा ताजा. शेतकरी भला माणूस, चहा दिला. म्हणाला, मी माझ्या हिश्श्याची जमीन नांगरली, तुमचा हिस्सा कुठं ते मला कोणी दाखवलं नाही. तो खरंच बोलत होता, कारण मोजणीच झालेली नव्हती. त्या मालकांचे नऊ लाख आजही तिथेच आहेत.

समृद्धीबद्दल एवढंच. महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला. पण तो नियंत्रित प्रवेशाचा रस्ता आहे, कुंपण घातलेला. मधूनच कुठूनही त्यावर चढता येत नाही. प्लॉटवरून गाड्या दिसतात आणि चढायला इंटरचेंजला वळसा घालावा लागतो, अशी जागा 'समृद्धी टच' म्हणून विकली जाते. जागेवर गेलात की प्लॉटपासून इंटरचेंजपर्यंत स्वतः गाडीने जाऊन किलोमीटर मोजा.

जमीन घ्यायचीच असेल तर बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, तुमच्या प्लॉटचा स्वतंत्र सातबारा, सरकारी मोजणीचा नकाशा आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुने मालक आणि बोजे तपासलेला वकिलाचा अहवाल) या पाच गोष्टी समोर आल्यावरच बोला. गोदावरी, नासर्डी, वालदेवीच्या काठाजवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषाही बघा. सप्टेंबर २००८ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना हे समजावावं लागत नाही.

प्रश्न : गंगापूर रोडला मुलाचा फ्लॅट आहे. मुलगा कॅनडात. दोन वर्षं बंद आहे, आता भाड्याने द्यायचं ठरलं. १८ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट. एजंट म्हणतो ११ महिन्यांचा करार १०० च्या स्टॅम्पवर नोटरी करू, रजिस्टर केलं तर खर्च फार येतो. आणि मुलांना द्यावं की कुटुंबाला?

मावशी, खर्च फार येतो हे तुम्हाला कोणी मोजून दाखवलं का? मी दाखवते. ११ महिन्यांचं भाडं १,९८,०००. परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरतात, ११ महिन्यांचे साधारण ४,६००. एकूण २ लाख अडीच हजाराच्या आसपास, त्यावर पाव टक्का मुद्रांक: पाचशे आणि वर थोडे. नोंदणी फी शहरात १,०००. घरी बसून ऑनलाइन अंगठा लावून देणाऱ्याची फी वेगळी. एका महिन्याच्या भाड्याच्या पाव हिश्श्यातही सगळं भागतं.

आणि नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे मुदतीपुरता राहू देण्याचा करार, असेल तर मुदत संपल्यावर न निघणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहिलेल्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. नोटरीच्या कागदावर हा रस्ता फार अवघड होतो. माझ्याकडे आलेलं एक घर असंच २६ महिने अडकलं होतं.

मुलगा परदेशात आहे म्हणून दोन कामं जास्तीची. पहिलं, तुम्ही सही करणार तर मुख्त्यारपत्र हवं: तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायचं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांकित करून घ्यायचं. दुसरं काम बहुतेक एजंट सांगतच नाहीत. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने दर महिन्याच्या भाड्यातून ३१.२ टक्के कर कापून सरकारात भरायचा असतो, भाडं कितीही कमी असो. तुमच्या मुलाचं भारतातलं उत्पन्न एवढंच असेल तर त्याने आयकर विभागाकडून कमी दराच्या कपातीचा दाखला काढावा, नाहीतर रिटर्न भरून परतावा घ्यावा. भाडेकरूला हे पहिल्याच भेटीत सांगा. कराराच्या दिवशी सांगितलं की चांगली माणसंही बिचकतात. मागच्या मे महिन्यात माझ्यासमोर एक डॉक्टर जोडपं असंच उठून गेलं, आणि चूक त्यांची नव्हती.

मुलं की कुटुंब? केटीएचएम कॉलेजच्या बाजूला असाल तर मुलं-मुली सहज मिळतील आणि भाडं थोडं जास्त येईल. मला शिकणाऱ्या मुलांचा वाईट अनुभव नाही. फक्त किती जण राहणार तो आकडा करारात, प्रत्येकाचं आधार आणि पालकांचा फोन माझ्या वहीत, आणि पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवलेली. कुटुंब असो वा मुलं, हे करायचंच.

दोन वर्षं बंद घर उघडताना घाई करू नका. आठ दिवस आधी जा. बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलेलं असतं, तिथून झुरळं आणि गटाराचा वास वर येतो. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. नळांचे रबरी वॉशर सुकून चिरलेले असतात, पहिल्या दिवशी ठीक वाटतात आणि चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरून फोन येतो. डक्टमध्ये कबुतरांची घरटी, गिझरमध्ये क्षार. सगळ्यात महत्त्वाचं, पश्चिमेची भिंत. आपल्याकडे पाऊस त्या बाजूने मारतो. भिंतीला पालथा हात लावून चाला. बोटांच्या पेरांना गारवा लागला तर रंग नंतर, आधी बाहेरून गिलाव्याच्या भेगा भरून घ्या. नाहीतर ऑगस्टमध्ये तोच रंग पापुद्रे होऊन भाडेकरूच्या गादीवर पडेल आणि डिपॉझिटचा वाद तिथून सुरू होईल.

ताबा देताना प्रत्येक खोलीचे फोटो, वीजमीटरचं रीडिंग दिसेल असा एक फोटो, आणि वस्तूंची यादी कराराला जोडून दोघांच्या सह्या. ही यादी मी गेली सोळा वर्षं एकाच नमुन्यात करते आणि तेव्हापासून डिपॉझिटवरून एकही भांडण वकिलापर्यंत गेलेलं नाही.

प्रश्न : फ्लॅट भाड्याने दिला म्हणून आमची सोसायटी दुप्पट मेंटेनन्स मागते. बरोबर आहे का?

नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेला बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलेली जादा रक्कम) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं. शासनाचा आदेश ऑगस्ट २००१ पासून आहे. बिलात सेवाशुल्क वेगळं दाखवायला सांगा, त्यावर १० टक्के काढा, तेवढे भरा आणि बाकीबद्दल सचिवांना लेखी द्या. उत्तर आलं नाही तर उपनिबंधकांकडे तक्रार. तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट म्हणून नोंदलेली असेल, नाशिकमध्ये अशाही पुष्कळ आहेत, तर आधी डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र, आणि त्यातले उपनियम काढून वाचा, कारण तिथे वाट वेगळी आहे.

प्रश्न : म्हसरूळला रिसेलचा फ्लॅट मिळतोय, आजूबाजूपेक्षा चार लाखांनी स्वस्त. पूर्णत्वाचा दाखला नाही, पण पंधरा वर्षं लोक राहतायत, घरपट्टीही भरतात. घ्यायला हरकत आहे का?

आहे. घरपट्टी भरली म्हणजे बांधकाम अधिकृत झालं असं नसतं. महापालिका अनधिकृत बांधकामालाही घरपट्टी लावते. आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही.

२०११ साली मी माझं दुसरं घर घेतलं, पंचवटीच्या बाजूला. बिल्डर म्हणाला, दाखला दोन महिन्यांत. ताबा घेतला, भाडेकरू ठेवला, विसरून गेले. मग आपल्या शहरात कपाटांचा प्रश्न उभा राहिला. नकाशात कपाट म्हणून दाखवलेली जागा प्रत्यक्षात खोलीत घेतली होती, ती एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येतं त्या मापात) मोजायची की नाही यावर कितीतरी इमारतींचे दाखले थांबले. माझी इमारत त्यात होती. मला तेव्हा फरक पडला नाही, भाडं येत होतं.

२०१६ मध्ये यजमानांची बायपास करायची ठरली आणि मी ते घर विकायला काढलं. तीन आठवड्यांत गिऱ्हाईक मिळालं, मेरी या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेतले एक अभियंता, माणूस चोख. त्यांच्या बँकेने कागद परत केले: पूर्णत्वाचा दाखला नाही, कर्ज नाही. दुसऱ्या बँकेनेही तेच. रोख घेणारा एक आला, त्याने साडेपाच लाख कमी सांगितले. मी सोनं तारण ठेवून ऑपरेशन केलं आणि घर ठेवलं. पुढे नियमितीकरणाचा मार्ग निघाला, आम्ही सदनिकाधारकांनी वर्गणी काढून वास्तुविशारद लावला, पैसे भरले, आणि २०१९ मध्ये दाखला हातात आला. यजमान बरे आहेत. पण त्या दिवसांत एका बँकेच्या बाकावर बसून मी ज्या मनःस्थितीत होते, ती कोणावर येऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

चार लाखांची सवलत ही त्या दाखल्याची किंमत आहे, आणि घर विकताना ती तुमच्याकडूनही कोणी कापून घेईल, कदाचित व्याजासकट. म्हसरूळला आरोग्य विद्यापीठामुळे भाडेकरू मिळतात, भाग चांगला आहे. म्हणून घाईत सोडूनही देऊ नका, आधी एक काम करा. इमारतीचं नाव, सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबर घेऊन शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागात जा आणि बांधकाम परवानगीची आणि असल्यास दाखल्याची प्रत मागा. तोंडी उत्तर मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दाखला निघालाच, तर त्यावर तुमचा मजला आणि फ्लॅट नंबर आहे का ते वाचा. काही इमारतींना भागशः दाखला असतो आणि वरचा मजला त्यात नसतो. माझ्या फळीवरच्या एका किल्लीचं घर असंच आहे, सातवा मजला, दाखला सहापर्यंत.